माझं दुखणं, धडा चौथा

॥ श्री येमाई प्रसन्न ॥
कवठे येमाई, १२ जानेवारी २०२६

पहिली आली ती नकुशी, आन् तिला कुणी बोलावलं बी न्हवतं. कॉलेजची गाडी अजून फाट्याला बी आली नसंल, तर ही वाटी घिऊन दारात हजर. म्हणं साखर सपली. म्हणलं, अगं, साखर सपायला तुला आजचाच दिस घावला व्हय? बघायला आलीस तर बस की ओट्यावर, वाटी कशाला धरतीस. मग बसली.

बघ, आशीर्वाद लिहायचा राहिलाच. चि. अपेक्षाला आजीचा आशीर्वाद. आधी आशीर्वाद आन् मग ख्यालीखुशाली असं तू शिकवलंस, पण मधी नकुशी आली त्याला मी काय करू?

तर गाडी आली नऊ वाजता. शाळेपुढं उभी राहिली आन् त्यातनं पांढरे कोट घातलेली, तुझ्या मागच्या वर्गातली बावीस पोरं-पोरी उतरली. मला वाटलं बगळ्यांचा थवाच उतरला. त्यांच्या संगं सुलक्षणा मॅडम. बाई लई साधी. मला म्हणल्या, "तुम्हीच का अपेक्षाच्या आजी? तिनंच हट्ट धरला की माझ्या मामाचं गाव घ्या." अपे, माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू. माझ्या ललिताची पोर, दौंडातनं शिकायला गेली आन् तिनं आजोळाला डाक्टर धाडले!

मॅडमनी सांगितलं की दोघा-दोघांच्या जोडीला पाच-पाच घरं दत्तक दिलीत. शिक्षण सपेस्तवर त्यांनी त्याच घरांत यायचं, तब्येत बघायची. नकुशी म्हणती, "दत्तक घेतलंय म्हंजी आमचं आडनाव बदलायचं का?" मॅडम सुद्धा हसल्या. आपलं आन् नकुशीचं घर दोघांच्या वाट्याला आलं, एक भाग्यश्री आन् एक पृथ्वीराज. भाग्यश्री फलटणकडची. पृथ्वीराज राजस्थानचा, लांबलचक पोरगा, तिथं समदी मोहरीच पिकती म्हणतो. मराठी नवीनच शिकलाय. 'ळ' म्हणताना त्याची जीभ टाळूला चिकटून बसती.

त्याच्या हातात वही व्हती. म्हणलं, काय लिहिलंय वाच की. त्यानं वाचलं. डाक्टर व्हायला काय काय यायला पाहिजे त्याची यादी हाय ती. पेशंटचं मधी न बोलता ऐकून घेणे. हात लावायच्या आधी विचारणे. समजंल अशा भाषेत सांगणे. पेशंटनं सांगितलेलं दुसऱ्या कुणाला न सांगणे. परतेकापुढं चौकोन, आन् ते जमलं की मॅडम चौकोनात सही करत्यात. मी म्हणलं, "ऐकून घ्यायला बी शिकवावं लागतं व्हय?" मॅडम म्हणल्या, "आजी, सगळ्यात अवघड तेच असतं."

मग मी बी सोडला न्हाई त्याला. माझ्या आबांचा खिलारी बैल कसा शिरूरच्या बाजारातनं एकटाच घरी आला ते समदं सांगितलं. पोरगा जांभई दाबीत ऐकत व्हता. मधी बोलला तर सही जाईल की! अनितानं दोनदा चहा केला. तुझी मामी तशी गप गप असती, पण त्या दिशी मॅडमपाशी गोठ्याआड उभी राहून किती बोलली!

आता खरी गोष्ट. फोनवर बोलत न्हाई कारण तुझा नवनाथमामा फोन मोठ्या आवाजावर ठेवतो आन् समदं घर ऐकतं. त्या पृथ्वीराजनं अनितादेखत, नकुशीदेखत इचारलं, "आजी, मोटेचा नाडा ढिला पडल्यासारखं आतलं अंग खाली उतरतं का?"

दिवाळीत पाडव्याला कांद्याच्या वखारीमागं बसून मी तुला जे सांगितलं, तेच. त्याच शब्दांत. नवनाथच्या टायमाला बाराव्याच दिशी विहिरीवरनं दोन हंडे आणले, तवापासनं अंग बाहेर येतं. चाळीस वर्षं झाली. तुझ्या आजोबांना सांगितलं न्हाई, तुझ्या आईला सांगितलं न्हाई. तू डाक्टर व्हणार म्हणून तुला एकटीला सांगितलं. मी आपलं "न्हाई रं बाबा" म्हणून टाकलं.

पण ते गेल्यावर मला काय वाटलं सांगू? लई बरं वाटलं. राजस्थानच्या पोराला कशाची मोट आन् कसला नाडा? म्हंजी हे पुस्तकातच असणार. माझं दुखणं पुस्तकात हाय! माझ्याआधी कितीक बायांनी डाक्टरला अस्संच सांगितलं असंल. मी इतकी वर्षं एकटीच समजत व्हते. खरंच पुस्तकात हाय का, तेवढं कळव.

भाग्यश्री पुढच्या महिन्यात येतो म्हणाली. पोरी, नीट जेव.

तुझी आजी
दगडाबाई

*

पुणे, २० जानेवारी २०२६

प्रिय आजी,

सा. न. तुझं पत्र मिळालं. अक्षर किती सुधारलंय! जोडाक्षरं तर आता माझ्यापेक्षा चांगली काढतेस. बैलाची गोष्ट पृथ्वीराजनं पूर्ण ऐकली म्हणजे तो नक्की पास.

तू विचारलंस ते. हो, पुस्तकात असतं गं. गर्भपिशवी खाली उतरणं हा बायकांचा खूप कॉमन आजार आहे आणि बऱ्याच जणी तो अशाच शब्दांत सांगतात. तू अजिबात एकटी नाहीस.

एक विचारते. तो बोलला तेव्हा त्याच्या हातात वहीशिवाय आणखी काही कागद होता का? आणि नकुशीमावशी काही म्हणाली का? सहज विचारतेय. पुढच्या वेळी तू भाग्यश्रीशीच बोल. मुलगी आहे, तुलाही बरं पडेल. पृथ्वीराजला मामाकडे बसव, शुगर-बीपी बघू दे.

माझी परीक्षा फेब्रुवारीत आहे. ती झाली की येते आणि तुला तपासायला घेऊन जाते. यावर इलाज आहे, आजी. नुसती एक रिंग बसवूनसुद्धा पुष्कळ फरक पडतो. मनावर घेऊ नकोस.

मामीला नमस्कार. तिनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू हॉस्टेलवर दोन दिवसांत संपले.

तुझी,
अपेक्षा

*

॥ श्री येमाई प्रसन्न ॥
कवठे येमाई, २ फेब्रुवारी २०२६

चि. अपेक्षाला आशीर्वाद. आज आधी आशीर्वाद लिहिला, कारण पुढं लिहायचंय ते गोड न्हाई.

तुझं पत्र मी चार दिस उशाखाली ठेवलं व्हतं. 'तू अजिबात एकटी नाहीस' ही ओळ बोट ठिवून ठिवून वाचायची. आनंदराव पोस्टमन म्हणला, "मावशे, लॉटरी लागली का काय?" म्हणलं, तसंच समज.

मग परवाच्या दिशी दूध घालायला डेअरीवर गेले. पाच-सहाजणी बोलत व्हत्या, मला बघून गप झाल्या. एक फिस्सदिशी हसली. घरी येताना नकुशीला आडवी घेतली. म्हणलं, काय ते बोल तोंडावर. तर म्हणती, "मला काय इचारतीस दगडे, त्या लांबड्या पोराला इचार. त्यानं माझ्या घरी बी तेच इचारलं, मोट आन् नाडा. मी म्हणलं, मेल्या, तुला कुणी शिकवलं हे? तर म्हणतो, एक आजी है, उसने बताया. बेटा हुआ, बारहवें दिन पानी उठाया. आता बाराव्या दिशी पाणी कुणी आणलं व्हतं ते मला ठाऊक न्हाई व्हय? माझ्याच दारावरनं गेली व्हतीस की हंडे घिऊन."

अपे, मी तिथंच बांधावर बसले. म्हंजी पुस्तकात न्हवतंच ते. तुला बी ठाऊक नसणार, तू आपलं मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. माझंच बोलणं कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय.

सांगितलं तर मी तुला एकटीला. तू काय सांगायची न्हाईस. मग राहिलं कोण? भादव्यात मला ताप आला व्हता तवा माझे फडके अनितानं धुतले. तवाच तिनं माझ्याकडं बघितलं व्हतं, बोलली न्हाई. आन् पाडव्याला आपण वखारीमागं बसलो तवा ती पलीकडं कांदं निवडीत व्हती. आन् मॅडमसंगं गोठ्याआड अर्धा तास! समदं जुळलं.

मी घरी गेले आन् चुलीपुढंच तिला धरली.

"मॅडमला काय सांगत व्हतीस गं?"

"काय न्हाई, आत्या."

"काय न्हाई सांगायला अर्धा तास लागतो?"

"ते माझं व्हतं, आत्या. तुमचं न्हवतं."

"तुझं कसलं? माझी लाज गावात वाटलीस ती तुझी व्हय?"

तर मान खाली घालून उभी. रडली बी न्हाई. खोटं बोलणारं माणूस रडतं तरी. सांच्याला पिशवी भरली आन् सकाळच्या एस्टीनं खुटबावला भावाकडं गेली. पोरं हितंच हायेत. नवनाथ माझ्यासंगं बोलत न्हाई, ताट घिऊन ओट्यावर जातो.

पंधरा वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. सुनेला लेक म्हणू ने असं बाया म्हणायच्या तवा मी त्यांच्याशी भांडायची. आता त्या हसणारच की.

एक बरं झालं, तुला सांगितलेलं तुझ्यापाशीच राहिलं. त्याच्यावरच उभी हाय मी. तू काय म्हणतीस ते लिही. मी तिला लई बोलले का?

तुझी आजी

*

पुणे, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय आजी,

सा. न. परवापासून परीक्षा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तू मनाला इतकं लावून घेऊ नकोस. बीपी वाढेल. मामीलाही फार बोलू नकोस. कधी कधी माणूस चांगल्या हेतूनंही काहीतरी बोलून जातं. मामीच्या मनात वाईट नसणार. झालं ते झालं, तू मोठी आहेस, तिला माफ करून टाक आणि घरी बोलावून घे. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात.

परीक्षा झाली की सविस्तर लिहिते. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
अपेक्षा

*

कवठे येमाई, २३ फेब्रुवारी २०२६

अपेक्षा,

वरती आशीर्वाद लिहायचा राहिला असं समजू नको. लिहिला न्हाई.

शनिवारी गाडी आली. ह्या टायमाला नकुशी पहिली न्हवती, पृथ्वीराजच पहिला आला, एकटाच. भाग्यश्री शाळेत तपासणीसाठी बायांची नावं लिहीत बसली व्हती. त्यानं बीपी बघितलं. आधी इचारलं, "आजी, हात लावू?" मी म्हणलं, लाव बाबा. आन् मग सरळच इचारलं, "तुला ती मोट कुणी शिकवली?"

पोरगा खूश झाला. त्याला वाटलं मी त्याच्या मराठीचं कौतुक करते. बॅगेतनं कागदं काढली, छापलेली, टाचलेली. बाहेरच्या राज्यातल्या पोरांना मराठी यावं म्हणून मॅडमनी केलेले धडे. धडा पहिला, रुग्णाचं नाव-गाव. दुसरा, दुखतं कुठं. तिसरा, जेवणखाण. आन् धडा चौथा, 'आजीचं बोलणं'. म्हणतो, "हा बेस्ट आहे, आजी. मी पाठ केला."

म्हणलं, "दे हिकडं, आन् हौदापाशी जाऊन पाणी पिऊन ये. सावकाश पी."

मी वाचला. तुला ठाऊक हाय मी कशी वाचते, एकेका अक्षराखाली बोट. पहिल्या ओळीलाच कळलं. 'माझी आजी चाळीस वर्षं एक गोष्ट पदराखाली घेऊन चालते आहे.' नाव न्हाई, गाव न्हाई, पण समदी मी. मोट. बारावा दिस. दोन हंडे. फडके लुगड्याखाली वाळत घालते ते. तुझ्या आजोबांना कळू दिलं न्हाई ते. सांगताना मी रडले आन् तू माझा हात धरलास ते बी. हात धरलास तवा मला वाटलं व्हतं पोरगी हात धरती. तू तर धडा धरत व्हतीस.

तू मला वाचायला शिकवलंस. दोन उन्हाळे पाटी घिऊन बसलीस. माझ्या जन्मात मी वाचलेलं पहिलं लांब लिखाण हेच.

पोरगा पाणी पिऊन आला आन् माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं. कागद बघितला, मला बघितलं. "आजी, वो आप हैं?" रंगच उडाला त्याचा. पायाशी बसला. म्हणला, मॅडमना सांगतो, आत्ता सांगतो. म्हणलं, "तुझ्या वहीत चौकोन हाय ना, पेशंटनं सांगितलेलं कुणाला न सांगायचा? मग गप बस." गप बसला. कागद माझ्यापाशीच ठेवला.

मग मी ट्रंकेतनं तुझी पत्रं काढली. धड्याचं मी एक वेळ गिळलं असतं. म्हणलं असतं पोर हाय, शाबासकीसाठी लिहिलं, भान राहिलं न्हाई. पण नऊ तारखेची ती ओळ? 'मामीच्या मनात वाईट नसणार.' मी तुला इचारलं व्हतं, मी तिला लई बोलले का. तुझ्या एका शब्दानं ती घरी आली असती. तू मला म्हणलीस माफ कर तिला. कशाबद्दल गं? तिनं काय केलं व्हतं?

आन् मॅडमच्या त्या वहीत तुझ्या बी त्या ओळीपुढं चौकोन असंल. त्यात सही कुणी केली? मला कुणी इचारलं?

गावात आता अकराजणींनी नावं दिलीत, नाडा ढिला पडलेल्या. नकुशीनं सुद्धा. म्हणती, माझं बी तस्संच हाय, तू हंडे आणलेस, मी सरपण. डेअरीवर फिस्सदिशी हसलेलीचं बी नाव हाय. चांगलंच झालं की. पण त्याच्यानं तुझं बरोबर झालं असं मला कुणी सांगू ने.

गाडी परत येणार हाय. आले काय, न आले काय.

दगडाबाई

*

पुणे, १ मार्च २०२६

आजी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र पाच वेळा फाडलं. प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू यायची. आता जे घडलं तेच लिहिते.

दिवाळीनंतर वर्गात मॅडमनी सांगितलं, तुम्ही मनापासून ऐकून घेतलेल्या एका पेशंटबद्दल लिहा. बाकीच्यांनी वॉर्डमधले पेशंट लिहिले. मी तुझ्याबद्दल लिहिलं. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं, पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मॅडमनी विचारलं, आजींना विचारलंयस ना? मी हो म्हणाले. मग मराठीच्या धड्यासाठी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी परत विचारलं. मी परत हो म्हणाले. नाव काढलं म्हणजे झालं, असं मी माझ्या मनाला सांगितलं होतं. तुझं गाव घ्या म्हणून हट्ट मीच धरला, पण तिथं तो धडा शिकलेली मुलंच येतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं. तू इतकी आनंदात होतीस की खरं लिहवेना. दुसरं पत्र आलं तेव्हा मी खोलीत एकटी होते. मामीबद्दलचं ते वाक्य मी तीन वेळा लिहिलं, आजी. दोनदा खोडलं. मग तेच ठेवलं. चुकून लिहिलं गेलं नाही. तू माझ्याशी बोलणं सोडशील याची मला भीती वाटली, आणि मामी कधी काही बोलत नाही हे मला माहीत होतं.

परवा मी मॅडमना सगळं सांगितलं. पृथ्वीराजनं एक शब्द सांगितला नव्हता. त्यांनी माझी वही मागितली आणि त्या ओळीपुढची स्वतःची सही खोडली. म्हणाल्या, "याची परीक्षा मला घेता येत नाही. हे जमलं की नाही ते फक्त तुझ्या आजी सांगू शकतात." धड्याच्या सगळ्या प्रती त्यांनी परत घेतल्या आहेत. तुझ्याकडची तेवढी राहिली.

मामीला फोन केला. "हॅलो" म्हणाली, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

मी सही मागत नाही.

अपेक्षा

*

कवठे येमाई, ९ मार्च २०२६

अपेक्षा,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नवनाथला वाचायला दिलं. त्या दिशी तो ताट घिऊन आत बसला.

गुरुवारी मी खुटबावला गेले. एकटीच. शिरूरला गाडी बदलली, न्हावऱ्यात एक बाई शेजारी बसली ती चौफुल्यापस्तोर तिच्या व्याह्यांची भांडणं सांगत व्हती. येरवी मला लई मजा आली असती. चौफुल्यावरनं जीपनं गेले. जीपच्या दणक्यानं माझं काय व्हतं ते तुला ठाऊक हाय, लिहीत न्हाई.

अनिता भावाच्या गोठ्यात शेण काढीत व्हती. मला बघून पदर नीट केला, घमेलं खाली ठेवलं, हात धुतले आन् पाया पडली. पाया पडली, अपेक्षा! मला वाटलं जमीन फाटावी. तुझी दोन पत्रं तिच्या हातात दिली, नऊ तारखेचं आन् एक तारखेचं. तिनं उभ्या उभ्या वाचली. घडी घालून परत दिली.

म्हणली, "आत्या, पोरीनं काय लिहिलं ते जाऊ द्या. तुम्ही मला इचारलं न्हवतं. तुम्ही ठरवूनच आला व्हता."

मी म्हणलं, "व्हय."

"मी म्हणले व्हते तुम्हाला, ते माझं हाय म्हणून."

"व्हय, म्हणली व्हतीस."

मग तिनं सांगितलं मॅडमपाशी काय बोलली ते. तुला लिहू का म्हणून मी इचारलं, तवा लिहा म्हणली. धाकट्याच्या टायमाला महिन्याच्या आतच तिनं कांद्याच्या पाट्या उचलल्या. वखारीत मीच धाडली व्हती तिला. तवापासनं तिचं बी तेच. पस्तिशीच्या बाईचं! आन् माझं तिला भादव्यात कळलेलं न्हाई, ते नऊ वर्षांमागंच कळलं व्हतं. माझे फडके वाळायचे त्या लुगड्याखालीच दुसऱ्या टोकाला ती आपले वाळत घालायची. मला कधी दिसले न्हाईत. मी बघितलंच न्हाई.

नऊ वर्षं तिला ठाऊक व्हतं. नवनाथला सांगितलं न्हाई, तिच्या आईला न्हाई, नकुशी कुठलीबी गोष्ट नाकानं हुंगून काढती, तिला सुद्धा कळू दिलं न्हाई. मला बी कळू दिलं न्हाई की तिला कळलंय. चौकोन काढलेली वही तिला कुणी दिली न्हवती, अपेक्षा. सही करायला मॅडम न्हवती.

आन् अशा बाईला मी घराबाहेर काढली, तुझ्यावर भरवसा ठिवून.

मी तिला म्हणलं, चल घरी. म्हणली, "आत्ता न्हाई, आत्या." मी आग्रव केला न्हाई. तिच्या भावजयीनं पिठलं-भाकरी केली, ती खाल्ली. निघताना अनिता एस्टीपर्यंत आली आन् म्हणली, "चौदा तारखेच्या शनिवारी येते. घरी न्हाई, शाळेपाशी. मॅडमना शब्द दिलाय." तेवढं मला पुरं हाय. पुढचं तिच्या मनावर.

आता तुझं.

तू बारीक व्हतीस तवापासनं मी तुला कधी रागं भरले न्हाई. आता बी भरत न्हाई. मला राग आलाय का काय झालंय ते मलाच सांगता यीना. तुझं नाव कुणी काढलं की आधी व्हायचं तसं तोंडावर हसू येतं, आन् मग आठवतं. त्या मधल्या घटकेचं लई वाईट वाटतं बघ.

तपासून घ्यायचं मी ठरवलंय. भाग्यश्री आन् पृथ्वीराज परवा नावं पक्की करायला आले व्हते, तवा तिला म्हणलं, माझं नाव पहिलं लिही आन् माझ्यामागं अनिताचं. तिनं माझ्या कानाशी येऊन इचारलं, "आजी, आत कोण कोण असलेलं चालंल?" बघ, ती इचारती. म्हणलं, तू आन् डाक्टरीणबाई. लांबड्याला बाहेर उभा कर, नकुशीला आत घुसू द्यायची न्हाई एवढंच त्याचं काम. तो म्हणतो, "जी आजी, ड्यूटी पक्की."

तुला मी आत घेणार न्हाई.

पण तू ये. पांढरा कोट घालून येऊ नको, आजोळी येतीस तशी ये. मामीपुढं काय बोलायचंय ते नकुशीदेखत बोल, कारण माझं बी तिच्यादेखतच निघालं व्हतं. मामी ऐकून घील का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. मधी बोलू नको. ती गप राहिली तर तू बी गप उभी राहा, ती जाईपस्तोर.

धडा चौथा मी चुलीत घालायला काढला व्हता, घातला न्हाई. ट्रंकेत ठेवलाय. लिहिलंयस बाकी चांगलं. त्याचंच जास्त लागतं.

वही आणायची तर आण. सही करीन असं मी लिहीत न्हाई.

गाडी शनिवारी येती. चौदा तारीख, सकाळी नऊ वाजता, शाळेपुढं. येतो म्हणून सांगून गेलीत ती.

दगडाबाई